मुंग्यांनी ओढलेला ट्रक

मुसैब : आज नक्की चावी देते म्हणालेलात, आजी. दासगावावरून तिसऱ्यांदा आलोय.

सुंदराबाई : देते रे. काल माकडानं पळवली. त्या फणसावर बसून चावीनं कान कोरीत होतं.

मुसैब : गेल्या बुधवारी उंदरानं नेलेली.

सुंदराबाई : त्या उंदरानंच माकडाला विकली. सगळ्यांचे व्यवहार होतात, आपलाच तेवढा अडलाय.

मुसैब : हे बघा, सौदीत सात वर्षं दुसऱ्याची गाडी हाकली. आता स्वतःचा ट्रक पाहिजे. विकायचा नसंल तर सरळ सांगा. महाडात दुसरा बघून ठेवलाय मी.

सुंदराबाई : तो मुंग्यांनी ओढलेला हाय काय?

मुसैब : नाय. डिझेलवर चालतो.

सुंदराबाई : मग काय कामाचा? हा बघ, आमचा माणूस गूळ भरून खेडला निघालेला. कशेडीत डिझेल संपलं. रात गेली, गुळाला मुंग्या लागल्या. सकाळी बघतो तर ट्रक घाटाच्या माथ्यावर.

मुसैब : ते गेल्या खेपेला सांगितलंत. पुढच्या ओढत होत्या, मागच्या ढकलत होत्या.

सुंदराबाई : आणि एक मुंगी क्लीनर. चाकामागं दगड लावायला.

मुसैब : मी जातो, आजी. जाता जाता बॉनेट उघडून बघू का एकदा?

सुंदराबाई : बघ की. आत नाग हाय. पण गरीब हाय.

मुसैब : आजी.

सुंदराबाई : काय रे?

मुसैब : चावी माकडाकडं, मग इंजिन गरम कसं?

सुंदराबाई : उन्हानं तापलं असंल.

मुसैब : गाडी सावलीत हाय. हितं फणसाखाली ऊन येतच नाय.



सुंदराबाई : शेजारचा सदू रोज सकाळी चालू करून देतो. पाच मिनटं. मी त्याला चहा देते.

मुसैब : कुठं जायचं नसताना?

सुंदराबाई : सकाळी घरात कुणीतरी खोकायला लागतं, बाबा.

मुसैब : ...आजोबा जाऊन किती वर्षं झाली?

सुंदराबाई : गणपतीत दोन वर्षं होतील. बिडी आणि खोकला. तो उठला की आधी तो खोकायचा, मग ही गाडी खोकायची, मग कोंबडा आरवायचा. कोंबडा आळशी होता.

मुसैब : मुलगा?

सुंदराबाई : सुनील विरारला हाय. महिनाभर राहून आले. तिथं दारं लावून बसतात सगळी. मी टीव्हीला मुंग्यांचं सांगितलं एक दिवस. टीव्ही आपलंच बोलत राहिला.

मुसैब : मग गाडी विकायला कशाला काढलीत? ठेवायची होती.

सुंदराबाई : सुनीलनं भंगारवाल्याला सांगितलंय. सोमवारी येणार, कापून नेणार. त्यापरीस कुणी चालवली तर बरी, म्हणून पाटी लावली. पाच गिऱ्हाईकं आली. टायरला लाथा मारल्या, किंमत पाडली. मुंग्यांचं पुढं एकानं विचारलं नाय. तूच एकटा म्हणालास, ओढत होत्या की ढकलत?

मुसैब : या सगळ्या आजोबांच्या थापा?

सुंदराबाई : दर फेरीला एक आणायचा. साखर आणायला विसरायचा, थाप नाय विसरायचा. घाटात दोनदा पलटी झालेला. ते मला लोकांकडून कळलं, त्यानं नाय सांगितलं.

मुसैब : पलटी? हे आधी नाय बोललात.

सुंदराबाई : मुंग्यांनी सरळ केली रे परत.

मुसैब : आजी, सोमवार परवा हाय.

सुंदराबाई : माहीत हाय. घे ही चावी.

मुसैब : गळ्यातच होती?

सुंदराबाई : माकड हितंच बसायचं. लाव, बघू.

मुसैब : ...ऐकलंत? एका दमात लागली.

सुंदराबाई : ऐकलं. आता बंद कर.

मुसैब : मी नेली तर सकाळी कसं?

सुंदराबाई : मी खोकेन. येतं मला. गाडीची बुकं त्या डब्यात हायत, सही करायला सदूला बोलावते. तो साक्षीदार.

मुसैब : आणि दुसरी चावी?

सुंदराबाई : ती आज नाय.

मुसैब : उंदीर?

सुंदराबाई : नाय. माझ्याकडं हाय. पुढल्या वेळी येशील तेव्हा देते.

मुसैब : दर बुधवारी खेडला विटा टाकायच्यात मला. हितनंच जाणार.

सुंदराबाई : मग थांबत जा. पण रिकाम्या हातानं नको येऊ.

मुसैब : साखर आणू?

सुंदराबाई : थाप आण. खरं नको आणू, बाबा. खरं घरात भरपूर हाय.