आत्याच्या बुगड्या

माह्या कानाले हात लावू नका बायांनो, लय ठणकून राह्यला. काल शेलूबाजारात वरचा कान टोचून घेतला. वय पस्तीस, अन् हौस सोळाची!

दुकानवाली म्हणे, "ताई, मुंगी चावल्यावानी लागन." कानाच्या वरच्या कडक भागातून सुई गेली, तं मी तिचाच हात पिरगाळला. दुसरा कान टोचाची हिंमतच झाली नाही.

तसाच लाल कान घेऊन इंझोरीले आत्याकडं गेली. माह्या लग्नाआधी आत्या सारखी मांगं लागे, "वरचा कान टोचून घे माय, माह्या सोन्याच्या बुगड्या तुलेच देतो." मी म्हणो, "कायले? बुगड्या घालून मी म्हातारी दिसीन."

काल एका हातानं कान धरून मीच म्हटलं, "आत्या, तवा चुकलंच माहं. आता एक बुगडी दे, दुसरा कान टोचला का दुसरी घेईन."

आत्या म्हणे, "तू नाही म्हटलं, मंग मोडल्या म्या त्या. तुह्याच लग्नात."

"मोडल्या? अन् केलं काय त्याचं?"

"कान धरला त्या हाताकडं पाह्य."

माह्या बोटात तिनं लग्नात मले घातलेली आंगठी होती.

बारा वर्षं झाले, आत्याच्या कानाचे वरचे भोकं रिकामे हायेत. काहून, हे मी एकदाही विचारलं नाही.