देवळाच्या तुळईला तेल

जुन्या लाकडाला तेल पाजायचं असेल तर कोणतं ते नीट सांगावं, मी एकदा सांगितलं नव्हतं.

बेलापूरची वसाहत उभी राहत होती तेव्हा मी तिथे नवा इंजिनीयर होतो. शेजारच्या दिवाळे गावातल्या जुन्या देवळाची तुळई एका टोकाला कुजली होती. मी लोखंडी गर्डर सुचवला. होड्या बांधणारे धर्माकाका म्हणाले, "कशाला? कुजलाय तेवढा कापतो, नवा साग सांधतो. होडीला तसंच करतो आमी."

सांधा असा बसला की त्यात पोस्टकार्ड शिरेना. मी खूश.

"वाळवीसाठी तेल पाजा."

"कोनचा?"

"होडीला लावता तेच."

चार दिवसांनी आमचे साहेब पाहणीला आले. माणूस पक्का शाकाहारी. त्यांनी वर पाहिलं, तर तुळईवर सात मांजरं ओळीनं बसून लाकूड चाटत होती.

"तेल कसलं हे?" साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"मुशी माशाचा," काका शांतपणे म्हणाले. "तुमच्या इंजिनीयरनीच सांगितला."

माझी नोकरी गेली असं मी धरून चाललो. संध्याकाळी फाइल परत आली. साहेबांनी शेरा मारला होता: "काम मजबूत आहे. पुढील पाहणी बाहेरूनच करावी."