कोपऱ्यातला खर्ज

(लेमविग, पश्चिम जटलंड. गुरुवार, दुपारचे सव्वाचार. बैठकीच्या खोलीच्या एका कोपऱ्यापुढे दोरीवर चादर टांगली आहे.)

राग्नहिल: टोपी अजून खाली ओढ. फटीतून दिसतंय तुला.

व्हेर्नर: काही दिसत नाहीये. तूच विणलेली टोपी आहे ही. हिच्यातून पश्चिमेचा वारा आत येत नाही, उजेड कुठला यायला! नाकात लोकर तेवढी जातेय.

सिसेल: बाबा, हात मांडीवर ठेव.

व्हेर्नर: आता हातांनी काय केलं?

सिसेल: मघाशी चादरीखालून पेटी चाचपत होतास.

व्हेर्नर: एकतीस वर्षं स्पीकरच्या कारखान्यात पेट्या केल्या. पेटी जवळ असली की हात आपोआप जातो. कुणाचा सिगारेटकडे जातो, माझा प्लायवुडकडे जातो.

राग्नहिल: नियम पुन्हा सांगते. नंतर कुणी म्हणायला नको की मला वेगळं वाटलं होतं.

व्हेर्नर: सांग. नवरा आंधळा करून बसवलाय, आता कायदाही वाच.

राग्नहिल: बंदराजवळचा तळमजल्याचा फ्लॅट. घरवाटपाच्या ऑफिसने दाखवलेला तिसरा. आज पाच वाजेपर्यंत ऑफिसला हो किंवा नाही कळवायचं. तीनदा नाही म्हटलं की नाव यादीच्या तळाशी जातं.

सिसेल: आणि वर यायला?

राग्नहिल: सात वर्षं. तेव्हा मी एकोणऐंशीची असेन. पहिला फ्लॅट याने नाकारला, कारण कोपरा चार सेंटिमीटर कमी पडला.

व्हेर्नर: साडेचार.

राग्नहिल: दुसरा नाकारला, कारण जमीन पोकळ वाटली म्हणे. ऑफिसातल्या बाईसमोर हा गुडघे टेकून जमिनीला कान लावून बसला होता.

व्हेर्नर: पोकळच होती. वर पाय आपटला की खाली ड्रम वाजायचा.

राग्नहिल: आणि या तिसऱ्यात सिसेलने नवीन काढलेली छोटी स्पीकरची पेटी मावते, याची मावत नाही. म्हणून हा तमाशा. पाच वेळा वाजवायचं. तीन उत्तरं बरोबर आली तर याला म्हणे फरक कळतो, मग आपण इथेच राहायचं. कमी आली तर हा स्वतः फोन करून हो म्हणणार.

सिसेल: आई, तू असल्या पैजेला तयार कशी झालीस?

राग्नहिल: पायऱ्यांबद्दल वर्षभर बोलले, ते याला ऐकू गेलं नाही. म्हटलं पेट्यांबद्दल बोलून बघू.

व्हेर्नर: मी ऐकतो सगळं. वरच्या पट्टीचं जरा कमी ऐकू येतं, हे कबूल. कोकिळा मला दहा वर्षांपूर्वीच सोडून गेल्या. पण खर्ज कानांनी नाही, पोटाने ऐकतात. आणि पोट काही म्हातारं होत नाही, नुसतं वाढतं. तेव्हा माझं यंत्र आता पूर्वीपेक्षा मोठं आहे.

सिसेल: ऐक, चादरीमागे खाली तुझी पेटी आहे.

व्हेर्नर: त्र्याऐंशी सालची. याच खोलीत बसून केलेली. तीनशे चाळीस लिटर.

राग्नहिल: पाहुणे तिला फ्रीझर समजतात. शेजारच्या हान्सने एकदा बिअर शोधायला झाकण उचकटायचा प्रयत्न केला होता.

सिसेल: तिच्या डोक्यावर माझी. दीड वीत लांब, दीड वीत रुंद. एका वेळी एकच वाजेल. गाणं तेच, डबल बासचं. आवाज मी यंत्राने मोजून दोन्हींचा सारखा केलाय.

व्हेर्नर: सारखा कर, काय वाटेल ते कर. हत्तीच्या शेजारी ससा ठेवला तर डोळे बांधूनही कळतं की पाय कुणाचा पडला.

राग्नहिल: मी उत्तरं लिहून घेतेय. कोणती वाजणार ते सिसेलने आधीच लिहून, पाकीट बंद करून माझ्याकडे दिलंय.

व्हेर्नर: बंद पाकीट! देशाच्या निवडणुकीलाही एवढी काळजी घेत नाहीत.

सिसेल: पहिली.

व्हेर्नर: ...आहाहा. ही माझी. थांबव. नको, थांबवू नकोस. ऐकताय ना? बोट तारेवर पडलं की सूर उभा राहतो, बोट उचललं की बसतो. कुठे फुगा नाही, कुठे थरथर नाही. ही सुतारकामातली शिस्त आहे, सिसेल. कंप्युटरने येत नाही.

सिसेल: बरं. दुसरी.

व्हेर्नर: ही तुझी. राग मानू नकोस.

सिसेल: नाही मानत. बोल ना.

व्हेर्नर: पिंपात कुणीतरी हुंदके देतंय. खर्ज आहे, पण उशिरा येतो. जेवणं आटोपल्यावर लग्नाला पोचलेल्या पाहुण्यासारखा. आणि एकदा आला की जायचं नाव नाही.

राग्नहिल: हे सगळं लिहू?

व्हेर्नर: नुसतं ‘सिसेलची’ लिही. पोरीचं मन कशाला मोडायचं.

सिसेल: तिसरी.

व्हेर्नर: माझी. आंधळ्यालाही कळेल. म्हणजे, कळलंच.

सिसेल: चौथी.

व्हेर्नर: तुझी. पुन्हा तेच पिंप. एक विचारू का? ही विकायला काढण्याआधी कुणी म्हाताऱ्या माणसाने ऐकली होती का? नाही म्हणजे, अजून वेळ गेली नाही. आतल्या बाजूला दोन आडव्या फळ्या ठोक. मी दाखवतो कुठे ते.

सिसेल: आडव्या फळ्या. लक्षात ठेवते. पाचवी, शेवटची.

व्हेर्नर: हं... माझी. आई शप्पथ, अंगावर काटा आला. राग्नहिल, माझ्या दफनाच्या दिवशी भजनं नकोत. हीच पेटी चर्चमध्ये न्या आणि हेच गाणं लावा.

सिसेल: नक्की? हीच पेटी?

व्हेर्नर: हीच. आठ माणसं लागतील उचलायला, पण माझ्यासाठी एवढं करा. झालं, उघड पाकीट.

राग्नहिल: उघडते. ...पाच.

व्हेर्नर: पाचपैकी पाच! काय म्हणालो होतो? पोट, राग्नहिल, पोट! मला अजून...

राग्नहिल: पाच चूक.

व्हेर्नर: काय?

राग्नहिल: पाचही चूक. टोपी काढ आणि वाच स्वतः. तीन वेळा हिची वाजली, तू म्हणालास तुझी. दोन वेळा तुझी वाजली, तू म्हणालास हिची.

व्हेर्नर: तारा उलट्या जोडल्यात.

सिसेल: जाऊन बघ चादरीमागे. लाल टिकली तुझी, निळी माझी.

व्हेर्नर: ...लाल माझी. अरे देवा. म्हणजे पिंप...

सिसेल: तुझी.

व्हेर्नर: लग्नाला उशिरा आलेला पाहुणा?

सिसेल: तोही तुझा.

व्हेर्नर: आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं लोक करतात. ते निदान समजू शकतं. मी भरसभेत आपल्याच बाब्याला कार्टं म्हणून बसलो! आणि वर तुला फळ्या ठोकायला शिकवत होतो.

राग्नहिल: ते आतापर्यंतचं सगळ्यात छान होतं. ‘मी दाखवतो कुठे ते.’

व्हेर्नर: हसा. म्हातारा बहिरा झाला, आता काय. कारखान्यात मला सोन्याचे कान म्हणायचे, माहितेय ना? साहेब स्वतः खाली यायचे, म्हणायचे, व्हेर्नर, जरा ऐकून सांग. सोनं कधीच वितळलं आणि मी मात्र कानात कापूस घालून जपत बसलो.

सिसेल: बाबा, तुझे कान गेलेले नाहीत.

व्हेर्नर: समजूत घालू नकोस. पाचपैकी शून्य.

सिसेल: समजूत नाही, हिशोब आहे. फरक कळला नसता तर तू अंदाजाने ठोकलं असतंस आणि दोन-तीन तरी बरोबर आली असती. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी आली असती. पाचही चुकवायला फरक स्वच्छ ऐकू यावा लागतो. तू दोन्ही पेट्या प्रत्येक वेळी अचूक वेगळ्या केल्यास. फक्त जी आवडली तिच्यावर आपलं नाव टाकलंस.

व्हेर्नर: म्हणजे कान शाबूत आहेत.

सिसेल: एकदम शाबूत.

व्हेर्नर: मग बिघाड कुठे आहे?

राग्नहिल: कानांच्या मध्ये.

सिसेल: आणि मला एक सांगायचंय. दोन वर्षं तू माझ्या पेटीला बुटांचा खोका म्हणतोयस. आज तिची तीनदा स्तुती केलीस. अंगावर काटा आला म्हणालास.

व्हेर्नर: टोपीखालून म्हणालो.

सिसेल: चालेल मला. तुझ्याकडून टोपीखालून मिळालं तरी पुष्कळ आहे.

व्हेर्नर: ...चांगली झालीय ती. बघ, आता टोपी काढलीय. चांगली झालीय. एवढ्याशा खोक्यातून तू हे कसं काढलंस मला कळत नाही, आणि मला कळत नाही याचाच दोन वर्षं राग येत होता.

राग्नहिल: पाचला वीस कमी आहेत.

व्हेर्नर: एक मिनिट. ऑर्गन नाही लावला आपण. रीबच्या चर्चमधली ती तबकडी. सिसेल, इमानदारीत सांग. ऑर्गनचा अगदी तळाचा सूर, आवाज मोठा करून. तिथे कोण जिंकेल?

सिसेल: तिथे तुझी.

राग्नहिल: सिसेल!

सिसेल: खोटं कसं बोलू, आई? तेवढ्या खाली आणि तेवढ्या मोठ्याने वाजवायचं तर खूप हवा ढकलावी लागते. माझी तिथे धापा टाकते. रोजच्या आवाजात मी त्याची बरोबरी करीन, सरसही ठरेन. पण त्या एका जागी मोठी ती मोठीच.

व्हेर्नर: हा! बघ! लाव तबकडी. ऑर्गनवर पुन्हा पाच वेळा.

राग्नहिल: लाव. खुशाल लाव. तो सूर तू शेवटचा कधी वाजवलास, तेवढं सांग आधी.

व्हेर्नर: वाजवतो की मधूनमधून.

राग्नहिल: कधी?

व्हेर्नर: ...सिसेलच्या कन्फर्मेशनला, चर्चच्या त्या समारंभानंतर इथे जेवण होतं तेव्हा.

सिसेल: तेव्हा मी चौदाची होते. आता त्रेचाळीसची आहे.

व्हेर्नर: काय दणका होता! सगळ्यांची कॉफी कपातून बशीत आली होती. ...एकोणतीस वर्षं? एका सुरासाठी एकोणतीस वर्षं कोपरा अडवून बसलोय मी? वर्षातून एकदा पाहुणेरावळे येणार म्हणून लोक अख्खी खोली बंद ठेवतात, त्यांना मी हसतो.

राग्नहिल: मी मार्चमध्ये पडले, व्हेर्नर.

व्हेर्नर: कुठे पडलीस?

राग्नहिल: जिन्यावर. वरून चौथ्या पायरीवर गुडघा वळला, तिथून घसरत खाली आले. फार लागलं नाही. पण उठता येईना.

व्हेर्नर: मार्चमध्ये मी कुठे होतो?

राग्नहिल: इथेच. दार लावून गाणं ऐकत होतास. मी दोनदा हाक मारली.

व्हेर्नर: दोनदा?

राग्नहिल: मग गाणं संपेपर्यंत बसून राहिले. ते संपल्यावर कठड्याला धरून उठले आणि कॉफी टाकली. तू म्हणालास, आज उशीर झाला कॉफीला.

व्हेर्नर: सांगितलं का नाहीस?

राग्नहिल: मला वाटलं, सांगितलं तर तू कठडा नवा करशील. सुंदर करशील, ओक लाकडाचा. आणि मग आपण आणखी दहा वर्षं इथेच राहू. मला कठडा नकोय. मला त्या जिन्याची भीती वाटते, व्हेर्नर. रोज सकाळी वाटते. मी बसून बसून उतरते, लहान मुलासारखी.

सिसेल: आई, मला तरी सांगायचंस.

राग्नहिल: तू याच्यावर ओरडली असतीस. मला ओरडणं नको होतं.

व्हेर्नर: कठडाच केला असता मी. अगदी हेच डोक्यात आलं आत्ता. तू बोलत होतीस आणि मी मनात ओक मोजत होतो. असा गाढव माणूस आहे मी. बायको जिन्याखाली हाका मारतेय आणि सोन्याचे कान आत बसून खर्ज तपासतायत.

सिसेल: ऑर्गन लावू का, बाबा?

व्हेर्नर: नको. तबकडी ठेव जागेवर. हरलोय तर नीट हरू दे. नंबर कुठे आहे त्या ऑफिसचा?

राग्नहिल: फोनच्या खाली. महिनाभर तिथेच आहे.

व्हेर्नर: आणि ही माझी बया दारातून बाहेर निघायची नाही. आतच बांधली तेव्हा दार मोजायचं राहिलं होतं. एकतीस वर्षं लोकांच्या पेट्या मापात केल्या... नवीन मालकांना सांगू, फ्रीझर आहे म्हणून. ...हॅलो? नमस्कार, व्हेर्नर ओस्टरगोर बोलतोय. बंदराजवळचा तळमजला. हो, जमिनीला कान लावला होता तो मीच. आम्ही घेतोय तो फ्लॅट. ...नाही, पुन्हा मोजायला येत नाही. आता मोजायचं काही उरलं नाही. थांबा जरा, बायकोला देतो. माझ्या तोंडून तिला पटायचं नाही, तुम्हीच सांगा. घे, राग्नहिल.

राग्नहिल: हॅलो? ...हो, मीच. ...हो, एक ऑगस्ट चालेल. ...नाही हो, काही झालं नाही. बराच वेळ उभी होते, आता बसलेय. एवढंच.