फुकटची फ्लॉपी

हिरू : थांब. ती फ्लॉपी आत घालू नको. वाल्मिक, हात काढ आधी.

वाल्मिक : ताई, दहा मिनिटांचं काम आहे गं. डिस्क भरलीय. वरच्या वाडीच्या पोरांची नावं टाइप करायला घेतली की मशीन म्हणतं, जागा नाही. ही फ्लॉपी नको असलेलं सगळं शोधून पुसते. फुकट मिळालीय, ऑफिसात राणेनं कॉपी करून दिली.

हिरू : नको असलेलं कुठलं, ते कोन ठरवतं?

वाल्मिक : प्रोग्रॅम ठरवतो.

हिरू : अन् तो बनवला कुनी?

वाल्मिक : ते कुणाला माहीत? राणेला कुणी दिली, राणेनं मला. सगळे वापरतात.

हिरू : मी नर्स हाय रं. बिनलेबलची बाटली कुनी फुकट दिली, म्हनून पोरास्नी टोचीन का मी? या मशीनमदी माज्या वाड्यांची दोनशेवर पोरं हायत. कुनाला लशीचे किती डोस झाले, सगळं हतंच. उपकेंद्राचं छप्पर गळलं तवाच वहीचा लगदा झाला.

वाल्मिक : म्हणून तर कंपनीनं काढून टाकलेला हा कंप्युटर मी टेंपोत घालून कडावला आणला ना! तुझी ओली पानं वाळवून एकेक नाव टाइप केलं. आता एकला लाइट जाईल, आणि तीनला तुला वाडीवर पोचायचंय. घालू दे मला.

हिरू : आधी वाच. मी कागदावर उतरवते. सगळं उतरलं की मग बघू.

वाल्मिक : दोनशे नावं? हातानं? घरात कंप्युटर असून?

हिरू : वाच म्हनते ना.

वाल्मिक : बरं बाई. पायथ्याची वाडी. जैतू, तीन डोस. कान्हा, एक. जनी, दोन. गजा, दोन. सोनी—

हिरू : दुसरी जनी कुटं हाय?

वाल्मिक : एकच आहे.

हिरू : दोन हायत. एक लडकूची, एक धोंडीची. धोंडीची तर माज्याच हातावर झाली.

वाल्मिक : नाव दोनदा आलं होतं. बापाचं नाव पाण्यानं गेलेलं. मला वाटलं, तूच चुकून दोनदा लिहिलंस. ऑफिसात आम्ही तसंच करतो, एक नाव दोनदा दिसलं की खालचं काढतो.

हिरू : काढलंस?

वाल्मिक : जागा पण वाचत होती गं.

हिरू : अशी किती काढलीस?

वाल्मिक : आठवत नाही. सात-आठ असतील.

हिरू : आता कळलं. मागच्या महिन्यात तू लिवून दिलेल्या चिठ्ठीत एकच जनी होती. मी म्हनले, धोंडी पोरीला घेऊन वीटभट्टीवर गेली असंल. तिच्या झोपडीकडं वळलेच नाय मी.

वाल्मिक : ताई, मी काय मुद्दाम—

हिरू : मुद्दाम कोन म्हनतंय? वाच फुडं. दर नावाला थांब, मी आठवत जाते.

वाल्मिक : आणि ही फ्लॉपी?

हिरू : तुज्या राणेला परत दे. पुसनारा घरात एक हाय, तेवढा बास झाला.

(तीन वाजता. पायथ्याची वाडी, धोंडीचं अंगण.)

हिरू : धोंडी, हा माजा भाऊ वाल्मिक. तू भट्टीवर गेली नव्हतीस व्हय गं?

धोंडी : नाय बाय. हतंच व्हते. मागल्या टायमाला तुमी लडकूच्या दारात बसल्या, तवा मी पोरीला न्हाऊ घालून उभी व्हते.

हिरू : मग हाक नाय मारायची?

धोंडी : तुमी कागद वाचत व्हत्या. जनी म्हनलात, मी फुडं झाले, तं लडकूची पोर घेतलीत. मंग कागद मिटलात. मला वाटलं, आमच्या पोरीला नसंल देयाचं.

वाल्मिक : चूक माझी आहे. मी तिचं नाव पुसलं.

धोंडी : पुसलं? कशापायी?

वाल्मिक : दोनदा आलं म्हणून.

धोंडी : दोन पोरी हायत, तं दोनदाच येल ना.

हिरू : महिना उशीर झालाय, पन चालंल. बस, मांडीवर घे तिला. वाल्मिक, तू लिव.

वाल्मिक : लिहितो. जनी. आईचं नाव, धोंडी.