ग्राहक चिडला तर

तुम्हाला सांगते, कोथरूडच्या बालवर्गात अकरा वर्षं शिकवून मी एकदा नोकरी सोडायला निघाले होते. "मुलंच तर सांभाळतेस," हे ऐकून कंटाळले होते. एका आयटी कंपनीत ग्राहकांचे फोन घ्यायच्या कामासाठी मुलाखतीला गेले.

तिथल्या मॅडमनी विचारलं, "ग्राहक चिडून ओरडायला लागला, तर काय कराल?"

"आधी ओरडू देईन. मग त्याचंच म्हणणं हळू आवाजात त्याला सांगेन. आपलं कुणीतरी ऐकलंय हे कळलं, की रडणं थांबतं."

"रडणं?"

"म्हणजे, ओरडणं."

त्या हसल्या. "छान! सोमवारपासून या."

"नको. सोमवारी माझा वर्ग आहे."

"अहो, मग आलात कशाला?"

"मला काय येतं, ते आत्ता तुम्हाला सांगताना कळलं."