आधीच ठरलेलं लग्न

आमचं लग्न कसं जमलं विचारता? हे आमच्या छपरातून खाली पडले, म्हणून जमलं.

हे, म्हणजे फिलिप, तेव्हा कुरखेड्यात टीव्ही दुरुस्त करायचे. कोणाचं तारण होणार ते देवानं जग निर्माण करायच्या आधीच ठरवलंय, माणसाच्या हातात काही नाही, असं यांचं ठाम मत. माझे बाबा बरोबर उलटे. देव हाक मारतो, पण ‘हो’ माणसानंच म्हणायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. दर रविवारी चर्चच्या दारात दोघांची जुंपायची.

यांनी मला मागणी घातली तीसुद्धा तशीच. म्हणाले, “देवानं तुले माह्यासाठी आधीच निवडलं हाये.”

मी म्हटलं, “मंग मले इचारून काऊन राह्यले?”

हे हत्यारांची पिशवी उचलून निघून गेले. पण घरी येणं काही थांबलं नाही.

एकदा बाबांनी यांना अँटेना फिरवायला आमच्या कौलारू छपरावर चढवलं. मी आत भात शिजवत होते. कडकन आवाज झाला आणि कवेलू फोडून हे थेट धानाच्या पोत्यांवर.

बाबा धावत आले. माणूस शाबूत आहे एवढं पाहिलं आणि विचारलं, “काऊन रे फिलिप, हे बी आधीच ठरलं होतं का?”

हे कंबर धरून म्हणाले, “नाई काकाजी, चूक माहीच हाये. कुजक्या बांबूवर पाय मीच ठेवला.”

बाबांचा चेहरा असा काही फुलला! मीही तिथंच होकार देऊन टाकला.

तर हे म्हणतात, “मले मालूमच होतं. देवानं ठरवलंच होतं.”

“मंग चढ वरतं,” बाबा म्हणाले. “कवेलू बी तुह्याच हातानं बसवायचं ठरलं हाये.”