पोटात लेकरू नव्हतं, पाणी होतं

माझं माहेर हिमायतनगरच्या अलीकडचं खेडं, बापाची कापसाची जमीन, आन् मी घरातली पहिली पोर, जन्मले तेव्हा डोकं अंगापेक्षा लई मोठं, बाया मुद्दाम बघायला यायच्या म्हणे, माझ्या मायनं एकेकीला हाकलून लावलं. डोक्यात पाणी साचून राहिलं होतं. मग नांदेडला ऑपरेशन करून नळी बसवली, हे बघा, इथं कानामागं हात लावा, लावा की, भेता कशाला, इथून ती कातडीच्या आतून गळ्यावरून, छातीवरून खाली पोटात गेलीय, डोक्यातलं जास्तीचं पाणी पोटात सोडती. लोकांना वाटतं ऑपरेशन झालं म्हंजे सुटलं, काय सांगू तुम्हाला, न्हाई सुटत, जिंदगीभराचं हाय ते, नळी कधीबी बुजती. शाळेत असताना एकदा बुजली तवा मला वर्गातूनच उचलून नेलं होतं, तवापासून ते दुखणं मी बरोबर वळखते.

लग्नाच्या वेळी बाप म्हन्ला, लहानपणी ऑपरेशन झालं एवढंच सांगू, नळीचं कशाला काढायचं. मी म्हन्ले, तुम्ही नका काढू, मी काढते. बघायला आले तवा सगळ्यांसमोर सांगितलं, माझ्या अंगात नळी हाय, चालत असंल तर हाव म्हणा. आमचे मालक धर्माबादच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करतात, ते म्हन्ले, मला काय, नळी चालती ना. चालती, म्हन्ले मी. आत्याबाईंनी, म्हंजे माझ्या सासूनं बी ऐकलं, पण तिच्या लेखी ते लहानपणचं झालं-गेलं.

लग्नाला वरीस होत आलं आन् मला सकाळी उठलं की उलट्या, डोकं असं ठणकायचं की चुलीपुढं बसवत नव्हतं, आन् वरून पोट दिसायला लागलं. झालं! आत्याबाई तर हवेतच. सुनेला दिवस गेले म्हणून गल्लीभर सांगून आल्या, मला चिंचा काय, कैऱ्या काय. मी म्हन्ले, आत्याबाई, मला पाळी येऊन गेली हो. म्हन्ल्या, येते कुणाकुणाला तशी. मालकांनी मेडिकलमधून तपासायची पट्टी आणली, त्यात काहीच न्हाई निघालं, तर म्हन्ल्या, पट्टीला काय कळतंय, मी पाच लेकरं काढलीत. मी म्हन्ले, मला डोक्याचा फोटो काढायला न्या, तर काय म्हणाव्यात, पोटुशी बाईला त्या मशीनमध्ये घालून लेकराला इजा करतीस का? लेकरू नसताना लेकराची फिकर, आन् मी समोर मरून राहिले ते दिसंना! मालक मायपुढं बोलंनात. लई राग आला मला त्यांचा, अजून येतो.

मग चोर ओटी भरायची ठरली, घरातल्या घरात, चार बाया बोलावून. मला हिरवी साडी नेसवून पाटावर बसवलं, पदरात तांदूळ, नारळ, आन् ओटी भरणारी बाई वाकली तर मला तिचे दोन-दोन तोंडं दिसून राहिले. तवा मी भेले. म्हन्लं, आता बसून राहिले तर ह्या बाया मला हिरव्या साडीतच उचलतील. मी उठले, पदरातलं सगळं पाटावर ठेवलं, बाया म्हन्ल्या, अगं बाई, असं उठू नये, अपशकुन होतो. मी म्हन्ले, होऊ द्या, माझ्या पोटात लेकरू न्हाई, माझी नळी बुजलीय, मी नांदेडला चालले, ज्याला यायचं त्यानं यावं. आन् भिंतीला धरत धरत निघाले हो, रस्त्यावर ऑटो धरला, तवा कुठं मालक चपला न घालता मागून पळत आले.

नांदेडच्या डॉक्टरनं पोट बघितलं. नळीच्या तोंडाशी पोटात पाण्याची पिशवी झाली होती, तेच ते फुगलेलं पोट, पाणी पुढं जायला जागा न्हाई म्हणून डोक्यात तुंबलेलं. पिशवीतलं पाणी काढलं, नवी नळी घातली. डॉक्टर म्हन्ले, अजून थोडं थांबला असता तर दोन्ही डोळे गेले असते, कदाचित जीव बी. डाव्या डोळ्यानं अजून धुरकट दिसतंय मला. आत्याबाई खाटेपाशी बसून रडून राहिल्या. मी म्हन्ले, रडू नका, पुढल्या टायमाला ऐका.

पुढला टाइम येणार हे डॉक्टरनंच सांगितलंय, उद्या येईल न्हाईतर वीस वरसांनी. आत्याबाईंची बहीण येऊन म्हन्ली, अशी बायको कशाला, पोराला दुसरी करा. मी आतून बाहेर आले, तिच्यापुढं चहा ठेवला आन् म्हन्ले, मावशी, चहा घ्या आन् निघा. लेकराचं डॉक्टर म्हणतात होऊ शकतं, होईल तवा होईल. मी ब्लाऊज शिवते, एका डोळ्यानं सुई ओवते, माझं काही अडून न्हाई राहिलं.

आता परवाचीच गोष्ट. मी नुसतं म्हन्ले, डोकं जड झालंय, तर आत्याबाईंनी पिशवी भरली, मालकांना मोंढ्यातून बोलावलं. मी म्हन्ले, अहो सर्दी हाय, नाक बघा माझं. तर म्हन्ल्या, चूप, गाडीवर बस. नांदेडपर्यंत गेलो, डॉक्टरनं तपासलं, सर्दीच निघाली! येताना मी आत्याबाईंना खूप हसले, त्या रागानं तोंड फिरवून बसल्या. तुमच्या घरातल्या लेकीसुनांना पण, बाई, सर्दीसाठी गाडी काढणारं माणूस भेटो.